हात सुटला की थांबणारी गाडी

कुणाला काशी बघायची असते, कुणाला ताजमहाल. आमच्या ह्यांना स्वतःची गाडी बाहेरून बघायची होती. ऐकणाऱ्याला हसू येतं, मलाही पहिल्यांदा आलं होतं. ज्या माणसाची सगळी नोकरी घाटात इंजिन चालवण्यात गेली, त्याला गाडी बघायची हौस राहतेच कशी, असं मी म्हणायची. तर म्हणायचे, "अगं, मी गाडीत होतो. गाडी बघितली कुठं?"

हे बँकरवर होते. बँकर म्हणजे मागून ढकलणारं इंजिन. कर्जतहून घाट चढायचा तर पुढच्या इंजिनाचा एकट्याचा दम पुरत नाही, म्हणून गाडीच्या शेपटाला आणखी इंजिन जोडतात. ते लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतं, इथं सुटतं आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जातं. आतल्या लोकांना त्याचा पत्ताही नसतो. ते स्टेशनवर चहा पितात, चिक्की घेतात आणि पुण्याला निघून जातात. हे आपले मागच्या मागं कर्जतला. आणि समोर काय दिसायचं, तर गार्डाच्या डब्याची पाठ. दरी आली तरी पाठ, धबधबा आला तरी पाठ.

मी मात्र ह्यांची गाडी बघितली होती. मुली लहान होत्या तेव्हा मी त्यांना घेऊन खंडाळ्याच्या बाजूला बोगद्याशी जाऊन उभी राहायची. ह्यांची गाडी कुठली, ते आदल्या दिवशी विचारून ठेवायची. आधी रूळ गुणगुणायला लागायचे, मग बोगद्यातून गार वारा यायचा, मग एकदम इंजिनाचं तोंड. डब्यामागून डबे जायचे आणि सगळ्यात शेवटी ह्यांचं इंजिन. मुली नाचत हात हलवायच्या. हेही खिडकीतून हात दाखवायचे. एवढासा हात, दिसला न दिसला की गाडी वळणाआड. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "कशी दिसली गं?"

"छान दिसली."

"छान म्हणजे कशी?"

आता काय सांगणार कपाळ! गाडी दिसते तशी दिसली. मी म्हणायची, जा की सुट्टीच्या दिवशी, उभे राहा बोगद्याशी आणि बघा पोटभर. तर म्हणायचे, "दुसऱ्याची बघितली. माझी नाही बघितली." बरोबरच होतं. माणूस गाडीत असला तर बाहेर कसा उभा राहील?

रिटायर झाल्यावर आम्ही लोणावळ्यातच दोन खोल्यांचं घर बांधलं. मुली सासरी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघं, आणि त्यातला एक जण बोलायचाच नाही. पेपर उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. घाटातून शिट्टी ऐकू आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, एवढीच काय ती हालचाल. मी तोंडाची फटकळ. घरात भांडायलाही कोणी नाही म्हटल्यावर मला वेड लागायची पाळी आली.

माझा भाऊ मळवलीला एका बंगल्यावर राखणदार होता. भातलावणी आणि बंगला, दोन्ही सांभाळायचा. एक दिवस डोक्यावर भलंमोठं खोकं घेऊन दारात हजर.

"आक्का, दाजी हायेत का घरात? ह्ये बगा काय आनलंय. बाईसायबांची पोरं इलायतेला गेली, आता कोन खेळनार? म्हनल्या, टाकायचं तर तूच ने."

खोक्यात आगगाडी. चावीची नव्हे, विजेवर चालणारी. दोन इंजिनं, डबे, गोल फिरवता येतील असे रूळ. आमच्या ह्यांनी एक इंजिन उचललं, उलटं केलं, चाकं बोटानं फिरवली. मग सगळे डबे जमिनीवर ओळीनं लावले, एक इंजिन पुढं ठेवलं, दुसरं मागं. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता बघता येईल गं."

किती महिन्यांनी त्यांचा असा आवाज ऐकला मी! माझा भाऊ बिचारा काही न कळून हसत उभा राहिला.

"पन त्याचा त्यो करंटचा डबा न्हाई बरं का दाजी. जळला म्हनं."

करंटचा डबा म्हणजे कंट्रोलर. विजेचा प्लग आणि रूळ ह्यांच्या मधे तो लागतो. घरातली वीज तो अगदी कमी करून रुळात सोडतो, आणि गाडी हळू की जोरात, पुढं की मागं, ते त्यानंच ठरतं. तो नसेल तर ती सगळी गाडी म्हणजे शोकेसमधलं खेळणं. तो आणायला आम्ही पुण्याला गेलो. मला न्यायचं कारण नव्हतं, पण मी गेले. माणूस इतक्या दिवसांनी घराबाहेर पडत होता, मला तो बघायचा होता.

बुधवारातल्या विजेच्या सामानाच्या गल्लीत विचारत विचारत एका दुकानात पोचलो. दुकानदार जुनं परदेशी सामान ठेवायचा. त्यानं तीन डबे आणून फळीवर मांडले. पहिल्याला दोन मुठी आणि नुसती बटणंच बटणं. म्हणाला, ह्यानं दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, पण रुळाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी तार जोडावी लागते. "पहिलाच कंट्रोलर ना तुमचा? मग ह्याच्या नादी लागू नका. शिकण्यातच जीव जाईल." ह्यांनी मुकाट्यानं तो बाजूला सारला. दोन्ही इंजिनं एकाच गाडीला लागणार होती, वेगळी कशाला चालवायची?

राहिले दोन. एकाला गोल काळं बटण होतं, रेडिओला असतं तसं. फिरवलं की गाडी सुरू, जिथं ठेवाल तिथं राहणार. दुसऱ्याला लाल दांडी होती. ती दाबून धरायची. जितकी दाबाल तितकी गाडी जोरात. आत स्प्रिंग होती. हात उचलला की खटकन दांडी वर आणि गाडी जागच्या जागी थांबणार.

आमच्या ह्यांनी ती दांडी दाबली आणि सोडली. खट. परत दाबली, परत सोडली. खट. चेहरा असा खुलला की काय सांगू.

"मुंबईच्या लोकलला असतं असं," मला म्हणाले. "मोटरमनचा हात सुटला की गाडी थांबते. आमच्या इंजिनाला नव्हतं. ड्रायव्हर आणि असिस्टंट, आम्ही दोघं असायचो ना, म्हणून."

मी म्हटलं, "ते राहू दे. गोल बटणवालं घ्या."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला गाडी बघायचीये ना? मग हात मोकळे नकोत? स्टोव्हची वात एकदा वर केली की मी तिथं हात धरून बसते का? पोळ्या लाटते, भाजी चिरते. तसं. बटण फिरवायचं आणि जाऊन उभं राहायचं लांब."

"आणि मधेच काही झालं तर?"

"काय होणारे? खेळण्यातली गाडी ती!"

"हात सुटला की थांबली पाहिजे," एवढंच म्हणाले. नोकरीत साहेबाशी बोलताना काढत असतील तो आवाज काढून म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघून गालात हसला. मी कपाळावर हात मारून घेतला आणि दुकानाबाहेर येऊन उभी राहिले. लाल दांडीचा डबा कागदात बांधून हे बाहेर आले आणि पोर घ्यावं तसा तो गाडीत लोणावळ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. मी तळेगावपर्यंत एक शब्द बोलले नाही. पुढं मलाच राहवेना.

बाहेरची खोली गाडीनं व्यापली. फळ्या जोडून त्यांनी रूळ ठोकले आणि डोंगर करायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो ना, तसाच केला. खाली विटा आणि डबे, वरून चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर अळीव पेरलं. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला पेठ गाव आहे, तिथं वाढलेली मी, डोंगर कसा असतो ते मला काय शिकवायचं? चांगला छातीएवढा उठवला. हे म्हणाले, जरा जास्त झाला. मी म्हटलं, घाट काय गुडघ्याएवढा असतो? त्यातून बोगदा काढला. बोगद्यात शिरायचं तोंड प्लगच्या बाजूला आलं, बाहेर पडायचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. ह्यांनी मागच्या इंजिनाला त्यांच्या इंजिनासारखा रंग दिला, आणि दोघांची मिळून ती खोली अशी सजली की शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्यावर वाण विसरून तीच बघत बसल्या.

ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा चालली, त्या दिवशी हे स्टुलावर बसले आणि दांडी दाबली. गाडी निघाली, बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली, वळली. मी टाळ्या वाजवल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे गाडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर दांडीवरच्या स्वतःच्या हाताकडे होती.

"कशी दिसली?" मला विचारलं!

मला असा राग आला. "अहो, आता तरी स्वतः बघा की! तार लांब करून घ्या, डबा इकडं आणा आणि बसा बोगद्यासमोर."

"तार लांब करून काय होतंय? हँडल हातात म्हणजे मी आतच." असं म्हणाले आणि परत दांडी दाबली. आवाजात चीड नव्हती, नुसतं एक समजल्यासारखं होतं. स्वतः निवडून आणलेल्या वस्तूनं आपल्याला परत इंजिनात नेऊन बसवलं, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. पण बोलले नाहीत. गोल बटणाचं नाव मीही काढलं नाही, एवढं तरी तोंड मी आवरलं.

असे बरेच दिवस गेले. रोज सकाळी आंघोळ, पूजा, चहा आणि मग स्टूल. गाडी चालवता चालवता बोलायचे मात्र भरभरून. कुठल्या वळणाला चाकं कशी ओरडतात, धुक्यात सिग्नल कसा शोधायचा, सगळं सांगायचे. मला वाटायचं, चला, माणूस तर परत मिळाला. गाडी बघितली नाही तर नाही.

भावाला मात्र ते बघवेना. एकदा भात कांडून झाल्यावर तांदूळ घेऊन आला होता. हे आंघोळीला गेलेले. तो म्हणाला, "आक्का, येवढं काय त्यात? सुतळीनं बांदून टाकू की दांडी. मंग दाजींनी कुटं बी हुबं ऱ्हावं." मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! त्यानं दांडी दाबून सुतळीनं करकचून बांधली आणि गाडी फिरायला लागली. आम्ही दोघं बहीण-भाऊ कौतुकानं बघत उभे.

हे पंचा गुंडाळून ओलेत्यानं बाहेर आले. फिरणारी गाडी बघितली, रिकामं स्टूल बघितलं. पुढं होऊन सुतळी सोडायला लागले, गाठ सुटेना तर ओढून तोडली. गाडी थांबली.

"कोणी बांधलं?" असे ओरडले की भाऊ दोन पावलं मागं सरला. उभ्या जन्मात मी त्यांना इतकं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"दाजी, मी बांदलं. चुकलं असंल तर…"

"हँडल बांधायचं नाही. कधी नाही. खेळण्यातलंसुद्धा नाही."

मग तसेच ओले, थंडीत कुडकुडत, खाली बसले. मी टॉवेल आणून पाठीवर टाकला. आणि त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं संसार केला, कधी सांगितली नव्हती.

हे तेव्हा नवीनच असिस्टंट होते. बँकरवर ह्यांचे उस्ताद इंजिन चालवत होते आणि हे बाजूला. घाट निम्मा चढून झाला होता. उस्ताद फार बोलणारे नव्हते, ऐकून घेणारे होते. त्यामुळे हेच बोलत होते. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा, तेच सांगत होते. मुलगी पेठेची आहे, तोंडानं तिखट आहे म्हणतात, वगैरे.

"हुंकारसुद्धा येईना म्हणून मान वळवून बघितलं. मान खाली पडलेली. हात मांडीवर. माणूस गेलेला गं. आणि इंजिन ढकलतंच होतं. पुढच्या ड्रायव्हरला पत्ता नाही, गार्डाला पत्ता नाही, मला पत्ता नाही. मी उडी मारून हँडल धरलं. पण त्याच्या आधी मी किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक. काय वाटतं माहितेय? माणूस गेला तर निदान गाडीला तरी कळावं."

भाऊ डोळे पुसत होता. बुधवारातल्या त्या दुकानात मी स्टोव्हच्या वातीची गोष्ट सांगत होते, आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर हे होतं.

भाऊ गेल्यावर मी म्हटलं, "मी धरते हँडल. तुम्ही बघा."

"तू?"

"का? मला हात नाहीत? तुमच्या तीन मुली ह्याच हातांनी वाढवल्या."

दोन दिवस नुसते विचार करत होते, मग तयार झाले. पण असं तसं नाही, रीतसर शिकवलं. दांडी एकदम दाबायची नाही, अंडं धरल्यासारखा हात ठेवायचा, चढावर जरा जोर, वळणावर हळू. मी चुकले की तोंडानं शिट्टी वाजवायचे. मी चिडून म्हणायची, "मी काय तुमची असिस्टंट आहे?" तर म्हणायचे, "असिस्टंटला असं बोललो असतो तर पळून गेला असता." हसायचो आम्ही. म्हातारपणी नवरा-बायकोनं इतकं हसावं, लोक काय म्हणतील, असं मला वाटायचं आणि आणखी हसू यायचं. तरी बरेच दिवस मला त्यांनी पास केलं नाही. हात थरथरतो, म्हणाले, अजून थरथरतो.

एका सकाळी आपण होऊन म्हणाले, "आज बघू."

श्रावण होता, बाहेर धो धो पाऊस. आमच्या इकडच्या दमट हवेत माझ्या डोंगरावर पेरल्याशिवायच शेवाळ उगवलं होतं, खराखुरा घाट दिसत होता. ह्यांनी धुतलेला सदरा घातला. केस विंचरले. मी म्हटलं, लग्नाला निघालात की काय? पलीकडे बोगद्याच्या तोंडाशी पाट मांडला. गुडघे दुखायचे म्हणून भिंतीला धरून खाली बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला. एवढं मी बघितलं. मग मी स्टुलावर येऊन बसले, आणि मधे माझाच डोंगर. तिथून ते दिसेनात.

"येऊ दे!" पलीकडून आवाज आला.

मी दांडी दाबली. अगदी अंडं धरल्यासारखी. गाडी निघाली. पुढचं इंजिन बोगद्यात शिरलं, मागोमाग डबे, शेवटी त्यांनी रंगवलेलं त्यांचं इंजिन शिरलं. पलीकडे ते श्वास रोखून बसले असणार, कारण काहीच आवाज येत नव्हता. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात सूंऽऽ झालं. दूध! दूधवाला पावसामुळे उशिरा आला होता, मी दूध तापत ठेवून तशीच बाहेर आले होते. बाईमाणसाला त्या आवाजानं विचार करायला वेळ मिळत नाही. पाय आपोआप पळतात. मी उठले आणि धावले.

मागं खट.

स्टोव्ह बंद केला, फडकं टाकलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हात सोडला मी! पळत बाहेर आले तर हे पाटावर बसून हसत होते. पोट धरून हसत होते.

"थांबली! बोगद्यात थांबली! बघितलंस? तू गेलीस तर लगेच थांबली. मी म्हटलं नव्हतं, हँडल चांगलंय म्हणून?"

"अहो, पण तुम्ही गाडी…"

"इंजिनाचं नाक दिसलं गं. एवढं." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं.

मला रडू फुटायला आलं होतं. म्हटलं, "बसा. उठू नका. परत धरते." धावत जाऊन स्टुलावर बसले, दांडी दाबली. काही नाही. जोरात दाबली. काही नाही. वर बघितलं तर देवघरातला विजेचा दिवा गेलेला. पावसात कुठंतरी खांब पडला होता.

"येतील दिवे," पलीकडून म्हणाले. "राहू दे गाडी आत. हातानं ओढून काढू नकोस. लाईट आले की हँडल दाब, आपली आपण बाहेर येईल."

दिवे लवकर आले नाहीत. लोणावळ्याचा पाऊस, वायरमन तरी कुठं कुठं धावणार? हे दिवसातून दहादा दिव्याचं बटण खाली-वर करून बघायचे. पाट तिथंच होता, मी उचलायला गेले तर उचलू दिला नाही. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी चहा घेताना छातीत कळ आली म्हणाले. चहाचा कप माझ्या हातात दिला. सांडू नये म्हणून दिला असेल. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवे आले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. गाडी बोगद्यात होती.

लोक म्हणायचे, नशीबवान गेले, त्रास काढला नाही, सोन्यासारखा संसार झाला. मी मान डोलवायची. मनात एकच असायचं, जळू द्यायचं होतं गं ते दूध. उतू जाऊ द्यायचं होतं, घर भरू द्यायचं होतं धुरानं. अजूनही रोज दूध तापवताना मनात हेच येतं, आणि अजूनही मी रोज दुधाच्या समोर उभी राहते.

गाडीला मी हात लावला नाही. पावसाळा गेला, डोंगरावरचं शेवाळ वाळून त्याची भुकटी झाली. भाऊ म्हणाला, "आक्का, काडून ठिवू का समदं?" मी नको म्हटलं. मग दिवाळीच्या सुमारास मला असा राग आला, कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही. ह्यांचा म्हणा, दांडीचा म्हणा. उठले आणि एकटीच पुण्याला गेले. बुधवारातल्या त्याच दुकानातून गोल बटणवाला कंट्रोलर आणला. वाटेत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. बघा, आधीच माझं ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी लांब उभं राहून पोटभर बघितली असती की नाही?

रूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढले. भावाकडून तारा जोडून घेतल्या आणि त्याला घरी पाठवलं. बटण फिरवलं. बोगद्यात थोडा कुरकुरल्यासारखा आवाज झाला. मी दोन्ही हात मोकळे ठेवून पलीकडे गेले आणि त्यांच्या पाटावर बसले.

आधी रूळ गुणगुणले. मग पुढचं इंजिन बाहेर आलं. डबे आले, एकामागून एक. आणि शेवटी त्यांचं इंजिन, त्यांनी दिलेल्या रंगाचं. इतकं छान दिसलं. छान म्हणजे कसं, ते मला आताही सांगता येणार नाही. माझ्याही नकळत माझा हात वर झाला आणि मी हलवला, खंडाळ्याला मुली हलवायच्या तसा.

गाडी वळली. डोंगरामागं गेली. परत बोगद्यातून आली. तिसऱ्यांदा आली. स्टूल रिकामं, दांडीवर हात नाही, घरात माझ्याशिवाय माणूस नाही, आणि गाडी आपली फिरतेच आहे. तिला काही कळलेलं नव्हतं. मी अनवाणी धावले आणि प्लगच ओढून काढला.

ते गोल बटण मी भावाला देऊन टाकलं. लाल दांडी परत जोडली. अजून कधीतरी गाडी चालवते, स्टुलावर बसून, अंडं धरल्यासारखा हात ठेवून. तिथून बोगद्याचं तोंड दिसत नाही. गाडी आत शिरते, पलीकडे बाहेर पडत असेल. हात दुखायला लागला की सोडते. मग थांबते.